विश्वास पानिपतात गेला : कॅसँड्राच्या शापाचा एक मराठी अर्थ



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांच्या वर्गात मी जमिनीवर तरटपट्टीवर बसून शिकलो आहे. त्यामुळे आज या व्यासपीठावर उभा राहताना, गृहपाठ घेऊन फार उशिरा शाळेत पोचलेल्या मुलासारखी माझी अवस्था झाली आहे. हे मी केवळ विनयाने म्हणत नाही. गुरुजींचा एक गृहपाठ माझ्याकडे खरोखरच साठ वर्षांहून अधिक काळ बाकी आहे.

गोष्ट १९६१ च्या जानेवारीतली. राज्य पुनर्रचना होऊन चार वर्षे उलटली होती. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या प्रांतातून आपला सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख नव्या मध्य प्रदेशात आला होता. आमचे बोलणे मराठी, धडे मराठी, आणि सरकारी कागद मात्र नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागले होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गुरुजी वर्गात आले आणि म्हणाले, "उद्या पानिपताला दोनशे वर्षे पुरी होतात. सांगा, पानिपत का झाले?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "भाऊंनी ऐकले नाही म्हणून!" गुरुजींनी विचारले, "कोणाचे ऐकले नाही?" कोणी मल्हाररावांचे नाव घेतले, कोणी सूरजमल जाटाचे. मग त्यांनी तिसरा प्रश्न टाकला, "का ऐकले नाही?" वर्ग चिडीचूप झाला. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "घमेंडी होते जी." गुरुजी हसले. म्हणाले, "बाळ, ही शिवी झाली, उत्तर झाले नाही. मोठे झालात की उत्तर शोधा."

छोट्या गाडीने नागपूरला शिकायला गेलो, पुढे आयुष्यभर मराठी साहित्य शिकवले, बखरींवर काम केले; पण त्या प्रश्नाला सरळ भिडण्याचे धैर्य मात्र झाले नाही. आता ती छोटी गाडी इतिहासजमा झाली आहे, तिच्या जागी रुंद रूळ आले आहेत, आणि मीही उतरणीला लागलो आहे. तेव्हा हा गृहपाठ आज आपणा सर्वांसमोर तपासायला ठेवतो.

या प्रश्नाचा विचार करताना मला वाट दाखवली ती ग्रीक पुराणातल्या एका राजकन्येने. ट्रॉय नगरीचा राजा प्रायम आणि राणी हेक्युबा यांची ही मुलगी. तिचे नाव कॅसँड्रा. अपोलो हा देव तिच्यावर लुब्ध झाला आणि त्याने तिला भविष्य जाणण्याची शक्ती दिली. पुढे तिने त्याला नकार दिला. दिलेले दान देवालाही परत घेता येत नव्हते, म्हणून त्याने त्या दानाला शाप जोडला : तुला दिसेल ते खरेच होईल, पण तू सांगितलेले कोणालाही पटणार नाही. ग्रीकांनी वेशीबाहेर ठेवलेला लाकडी घोडा आत घेऊ नका, असे ती सांगत राहिली. लोकांनी घोडा आत घेतला. रात्री ट्रॉय जळाले. देवीच्या मंदिरात आश्रय घेतलेल्या कॅसँड्रेला शत्रूने तेथून ओढून नेले; लुटीच्या वाटणीत ती अगामेम्नॉन राजाच्या हिश्शाला आली, आणि त्याच्या राजवाड्यात राणीने दोघांनाही ठार मारले. ते मरणही तिला उंबरठ्यावरच दिसले होते.

ही कथा अडीच हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. युरोपात आजही, खरा इशारा देऊन उपेक्षित राहणाऱ्या माणसाला कॅसँड्रा म्हणतात. युद्धाआधी, दुष्काळाआधी, एखादे धरण किंवा बँक बुडण्याआधी कोणी तरी ओरडून सांगितलेले असते, आणि नंतर लोकांना तिची आठवण होते.

आपल्याकडे अशी माणसे नाहीत असे नाही. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी सहदेव-भाडळीची वचने आहेत. पाऊस कधी येईल, कोणत्या नक्षत्रात पेरावे, हे त्यांत सांगितलेले असते. त्या सहदेवाविषयी लोककथा अशी की, त्याला सारे भविष्य कळे, पण विचारल्याखेरीज सांगण्याची त्याला मुभा नव्हती. कॅसँड्रेच्या शापाचा हा उलटा साचा आहे. तिला बोलता येते पण कोणी ऐकत नाही. याला ऐकणारे आहेत पण विचारत कोणी नाही. दोन्हींचा परिणाम एकच होतो.

याहून जवळचा आहे तो विदुर. दुर्योधन जन्मला तेव्हाच विदुराने धृतराष्ट्राला सावध केले. द्यूताआधी केले, द्यूत चालू असताना केले. युद्धाच्या तोंडावर धृतराष्ट्राला झोप येईना, तेव्हा रात्रभर विदुराचा उपदेश त्याने ऐकला. आणि तुझे सारे पटते, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते, अशी कबुली दिली. विदुर दासीच्या पोटी जन्मलेला. त्याच्या शहाणपणाला दरबारात मान होता, वजन नव्हते. पण मित्रहो, याच विदुराने एकदा गूढ भाषेत युधिष्ठिराला वारणावताच्या लाक्षागृहाचा धोका सुचवला होता. युधिष्ठिराने तो ओळखला, भुयार खणवले, आणि पांडव वाचले. माणूस तोच, वाणी तीच, सत्यही तसेच. एका घरात ते फुकट गेले, दुसऱ्या घरात त्याने सहा जीव वाचवले. म्हणजे शाप वाणीला असतो असे आपण समजतो, त्यात काही तरी चुकते आहे.

ट्रॉयच्या कथेतही याचा पुरावा आहे. कॅसँड्रेला हेलेनस नावाचा भाऊ होता. नंतरच्या कथांत तो तिचा जुळा भाऊ आहे. तोही भविष्यवेत्ता. होमरच्या इलियडमध्ये हेलेनस हेक्टरला सल्ला देतो आणि हेक्टर तो निमूटपणे पाळतो. तो लढवय्या होता, पुरुष होता, सेनेत उभा होता. त्याच्या सल्ल्याला वजन मिळाले. बहिणीला वेडी ठरवण्यात आले. शाप देणारा अपोलो कथेत एक आहे. पण राजवाड्यातल्या, सभेतल्या आणि घरातल्या माणसांनी तो शाप मनापासून अमलात आणला.

आता एक गंमत सांगतो. होमरच्या इलियडमध्ये कॅसँड्रा आहे, पण ती भविष्य सांगतच नाही. प्रायमच्या कन्यांमध्ये ती रूपवान आहे. आणि शेवटच्या सर्गात, हेक्टरचे प्रेत घेऊन परतणाऱ्या बापाला तटावरून सर्वांत आधी तीच पाहते आणि आक्रोश करते. एवढेच. द्रष्टी कॅसँड्रा ठळक होते ती नंतरच्या कवींच्या हातून. इ. स. पू. ४५८ मध्ये एस्किलसने ती रंगभूमीवर उभी केली. त्याच्या नाटकात वृद्धांचा समूह तिने सांगितलेल्या जुन्या पापांवर विश्वास ठेवतो. आता, आत, या क्षणी काय होणार हे ती सांगू लागली की मात्र त्यांना तिचे बोलणे उमगेनासे होते. पुढे रोमन कवी व्हर्जिलने घोड्याच्या प्रसंगी तिचे तोंड उघडले. म्हणजे नगर जळून गेल्यावर शतकांनी कवींनी तिच्या मुखात इशारा घातला. झालेल्या अनर्थाला आधीचा साक्षीदार लागतो. तो नसेल तर माणसे निर्माण करतात.

हे लक्षात ठेवून पानिपताकडे येऊ.

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी तो विजय मिळवून दिला होता. त्याआधी १० जानेवारीस दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. अहमदशहा अब्दाली दोआबात ठाण मांडून होता. मार्चमध्ये भाऊ मराठवाड्यातून उत्तरेकडे निघाले. वय अवघे एकोणतीस. बरोबर पेशव्यांचा वारस विश्वासराव, जड तोफखाना, बाजारबुणगे, बायकामुले आणि तीर्थयात्रेच्या आशेने निघालेली माणसे. चंबळ ओलांडून फौज आग्रा-मथुरेच्या टापूत आली तेव्हा भरतपूरचा सूरजमल जाट येऊन मिळाला आणि मसलत झाली.

काशीराज पंडिताने या मसलतीचा वृत्तांत फारसीत लिहिला आहे. त्याचा आशय असा : सूरजमलने सुचवले की, कुटुंबकबिला, जड तोफा आणि अवजड सामान चंबळेपलीकडे झाशी-ग्वाल्हेरला ठेवावे, नाही तर माझा एखादा किल्ला मी देतो, आणि सड्या स्वारांनी शत्रूची रसद तोडत, त्याला हैराण करत लढावे. मल्हारराव होळकरांनी आणि इतर सरदारांनी या सल्ल्याला मान डोलावली. ही तर त्यांची हयातभराची युद्धरीत होती. भाऊंनी तो मानला नाही. मल्हारराव वयाने थकले आणि सूरजमल काय, एक जमीनदार, असा त्यांचा सूर होता, असे काशीराज लिहितो.

पुढचे आपण सारे जाणतो. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, पण सूरजमल निघून गेला. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला. तेवढ्यात अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि मराठे व दक्षिण यांच्यामध्ये तो उभा राहिला. पानिपतच्या छावणीत अडीच महिने फौज कोंडली गेली. गोविंदपंत बुंदेले रसद जमवता जमवता मारले गेले. बैलांना वैरण नाही, माणसांना दाणा नाही; आणि त्यांत लढू न शकणारी हजारो तोंडे. १४ जानेवारी १७६१ रोजी भुकेलेली फौज रणात उतरली. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले, आणि दिवस मावळायच्या आत सारे संपले. मदतीस निघालेले नानासाहेब पेशवे भेलशास, म्हणजे आपल्याच राज्यातल्या आजच्या विदिशास, पोचले होते. तिथे सावकारी पत्रातून, मोती गळाल्याच्या आणि मोहरा हरवल्याच्या सांकेतिक भाषेत, ही वार्ता त्यांना कळली. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

सूरजमलने जे टाळायला सांगितले होते, नेमके तेच घडले. मग तो आपला कॅसँड्रा ठरतो की नाही?

इथे बखरींच्या अभ्यासकाने क्षणभर थांबले पाहिजे. काशीराज शुजाउद्दौल्याच्या, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या, गोटात होता. भरतपूरकडच्या मसलतीला तो हजर नव्हता, आणि त्याने लिहिले ते १७८० मध्ये, एकोणीस वर्षांनी. भाऊसाहेबांची बखर ही तर पराभवाच्या दुःखातून जन्मलेली. तिला नाट्य हवे आहे, अपशकुन हवे आहेत, हटवादी नायक हवा आहे. होमरच्या मुक्या कॅसँड्रेला पुढच्या कवींनी बोलके केले, तसेच काही आपल्याही लेखणीने केले नसेल कशावरून? त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावरील आपल्या ग्रंथात या प्रचलित चित्राची कठोर फेरतपासणी केली आणि भाऊंच्या बाजूने बरेच सांगितले. त्यांचे मराठी पुस्तक आले ते १९६१ मध्येच, म्हणजे आमच्या वर्गात हा प्रश्न निघाला त्याच वर्षी. गुरुजींनी ते मागाहून मिळवून वाचले होते, एवढे मला ठाऊक आहे.

तरीही सल्ल्याचा गाभा खोटा मानण्याचे मला कारण दिसत नाही. सूरजमल असाच सल्ला देणार, हे त्याच्या आणि मल्हाररावांच्या युद्धपद्धतीशी सुसंगत आहे. त्याचे शब्द कदाचित नंतर घासूनपुसून घेतले गेले असतील. म्हणून मी प्रश्न बदलतो. भाऊंच्या जागी, १७६० च्या उन्हाळ्यात, निकाल ठाऊक नसताना, आपण बसलो आहोत असे समजू. सल्ला देणारे कोण आहेत?

पहिला सूरजमल. सहाच वर्षांपूर्वी, १७५४ मध्ये, मराठ्यांनी त्याच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. त्या वेढ्यात मल्हाररावांचा एकुलता पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडला. कालचा शत्रू आज आपल्या किल्ल्यात तुमची बायकामुले ठेवा म्हणतो. त्याची नियत साफ असेलही. पण सेनापतीने ती डोळे मिटून साफ मानावी का?

दुसरे मल्हारराव. साठी ओलांडलेले, उत्तरेतले सर्वांत अनुभवी सरदार. पण १७५७ मध्ये हाती लागलेला नजीबखान रोहिला मल्हाररावांच्या रदबदलीने सुटला होता, आणि अब्दालीला हिंदुस्थानात आणण्यात पुढाकार त्याच नजीबाचा. भाऊंच्या कानी हे सारे होते. शिवाय १७६० च्या मार्चमध्ये सिकंदराबादेजवळ अब्दालीच्या फौजेने मल्हाररावांना अचानक गाठून झोडपले होते. म्हणजे ज्या रीतीची ते शिफारस करत होते, तिचा ताजा अनुभव चांगला नव्हता.

आणि भाऊंच्या स्वतःच्या हाती काय होते? उदगीरचा विजय. पाच महिन्यांपूर्वी तोफांनी जिंकून दिलेले मैदान. माणूस कालच्या यशाने जितका बहिरा होतो, तितका अपयशाने होत नाही.

पाहा, या साऱ्यात घमेंड कुठे तरी आहे. पण ती एकटी नाही. सल्ल्यात काय सांगितले, यापेक्षा सांगणारा कोण, याचाच हिशेब अधिक झाला, आणि त्या हिशेबातला प्रत्येक आकडा वरवर बरोबर होता. अपोलोचा शाप पृथ्वीवर असाच फळतो. सत्य सांगणाऱ्याच्या अंगाला काही ना काही चिकटलेले असते : जुने वैर, म्हातारपण, जात, स्त्रीपण, हलकी नोकरी, स्वतःचा मतलब. ऐकणारा त्या चिकटलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो आणि सत्यापासून सुटका करून घेतो.

आपल्या मराठीत एक बोलणे आहे. कोणी म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेव," तर दुसरा हसून म्हणतो, "विश्वास तर पानिपतात गेला." विश्वासरावांच्या नावावरची ही कोटी आपण लहानपणापासून ऐकतो. मला वाटते, या कोटीत आपल्या समाजाने एक इतिहास सांगून ठेवला आहे. विश्वासराव १४ जानेवारीस पडले. विश्वास मात्र त्याआधी सहा महिने, आग्रा-मथुरेच्या वाटेवर, मसलतीच्या तंबूतच गेला होता. गुरुजी, तुमच्या प्रश्नाचे माझे अर्धे उत्तर हे आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्या काळात यावे लागते. पानिपताच्या बाबतीत, इशारा खरेच आधी दिला होता का, अशी शंका उरते. पण एक उदाहरण असे आहे की तिथे ही शंका घ्यायला जागाच नाही, कारण कागदावर तारीख छापलेली आहे. ते आपल्याच राज्याच्या राजधानीचे आहे.

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात विषारी वायूने अशरफ नावाचा कामगार मरण पावला. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराचा तो मित्र. त्या मृत्यूमागचे कारण शोधत केसवानी कारखान्याच्या कागदपत्रांपर्यंत पोचले. मे १९८२ मध्ये खुद्द कंपनीच्या अमेरिकेहून आलेल्या पथकाने सुरक्षेतील उणिवा नोंदवल्या होत्या. १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात केसवानींनी आपल्या 'रपट' या लहानशा हिंदी साप्ताहिकात लिहिले की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसले आहे. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी 'जनसत्ता'तही तेच पुन्हा सांगितले. दरम्यान विधानसभेतही प्रश्न निघाला. एवढा मोठ्या भांडवलाचा कारखाना काही दगड नव्हे की उचलून दुसरीकडे ठेवावा, असा उत्तराचा आशय होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांतली कितीतरी जन्मभर आजारी राहिली. केसवानी २०२१ मध्ये वारले. आपण खरे ठरलो याचा आनंद त्यांना कधी झाला नाही, हे सांगायला कोणा चरित्रकाराची गरज नाही.

इथे सांगणारा लहान होता. साप्ताहिक लहान, खप लहान, मित्राच्या मृत्यूने दुखावलेला माणूस. म्हणजे पुन्हा सांगणाऱ्याला चिकटलेले काही तरी मिळाले. पण विधानसभेतल्या त्या उत्तराने शापाचा दुसरा भाग उघडा केला. इशारा खरा मानला तर काही तरी करावे लागते, आणि ते महाग पडते. कारखाना हलवावा लागतो. कबिला मागे ठेवावा लागतो. दुर्योधनाला आवरावे लागते. धृतराष्ट्राला विदुर पटला होता; त्याची किंमत मोजवत नव्हती. अनेकदा आपण इशाऱ्यावर अविश्वास ठेवतो तो पुरावा अपुरा असतो म्हणून नव्हे. विश्वासाचा खर्च परवडत नाही, म्हणून पुरावा अपुरा आहे असे आपण ठरवतो. हे माझ्या उत्तराचे दुसरे अर्ध.

इथवर मी पेशवे, मंत्री आणि राजे यांना दोष दिला. आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. तो न सांगता खाली उतरलो तर गुरुजींच्या वर्गात पुन्हा अंगठे धरून उभे राहावे लागेल.

ज्या महाविद्यालयात मी विभागप्रमुख होतो, तिथे विभागाच्या खोलीत एक लाकडी कपाट होते. त्यात जुन्या मासिकांचे बांधीव खंड आणि आसपासच्या घरांतून मी स्वतः गोळा केलेली मोडी हस्तलिखिते होती. त्यांत एका बखरीची अपुरी नक्कलही होती. आमचा शिपाई, त्याला सारे मामा म्हणत, एका मे महिन्यात मला म्हणाला, "सर, हे कपाट भिंतीपासून उचला जी. यंदा ह्या भिंतीतून पानी उतरते." मी म्हटले, "पाहू." त्याचे ग्रंथालयाच्या कारकुनाशी वाकडे होते, आणि कपाट तिकडे हलवायचे तर कारकुनाची जागा अडणार होती. मामा त्याच्यावर डाव साधतो आहे, असे मी मनात धरले. जूनमध्ये त्याने पुन्हा सांगितले. मी रागावलो. बखरींतले इशारे उत्तरपत्रिकांत नीट लिहिले नाहीत म्हणून ज्या वर्षी मी मुलांचे गुण कापत होतो, त्याच वर्षीची ही गोष्ट.

जुलैत तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी कपाट उघडले तेव्हा खालचे दोन कप्पे लगदा झाले होते. मोडीची शाई कागदावरून वाहून गेली होती. बखरीच्या नकलेची मोजकी पाने हाती लागली. ती दुसरीकडे कुठे होती की नव्हती, मला माहीत नाही. माझ्या हातून मात्र ती गेली. मामा जमिनीवर बसून एकेक ओले पान वर्तमानपत्रावर पसरत होता. संध्याकाळपर्यंत त्याने "मी सांगितले होते" असे एकदाही म्हटले नाही. त्या दिवसानंतर पानिपत शिकवताना भाऊंना घमेंडी म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही.

मामाच्या त्या मौनामुळे मला सूरजमलच्या चरित्रातली शेवटची गोष्ट नव्याने कळली. पानिपताहून वाचलेली माणसे उपाशी, उघडी, जखमी अशी दक्षिणेकडे येत होती. वाटेत ज्याचा सल्ला धुडकावला होता त्याचाच मुलूख लागत होता. सूरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांच्यासाठी कोठारे उघडली, कपडे दिले, वैद्य दिले, आणि पुढच्या वाटेची सोय करून दिली. बाजीरावांचा पुत्र समशेरबहाद्दर जखमी होऊन तिथेच पोचला आणि त्याच मुलुखात त्याने प्राण सोडला. जो मतलबी जमीनदार म्हणून संशयास पात्र ठरला होता, त्याच्या नियतीचा पुरावा असा मिळाला. पण तो लढाईनंतर मिळाला. कॅसँड्रेला अशी संधीही लाभली नाही.

विद्यार्थिमित्रहो, मी तुम्हाला द्रष्टे व्हा असे सांगायला आलेलो नाही. ते कोणाच्या हातात नसते, आणि प्रत्येक इशारा खराही नसतो. उगीच घाबरवणारे प्रत्येक गावात असतात. ज्याचे त्याचे ऐकत बसलो तर पेरणीच होणार नाही. मी मागतो ते याहून लहान आणि याहून अवघड आहे. तुम्हाला कोणी धोका सांगितला, तर तो सांगणारा कोण हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. हा माणूस खोटा असेल तर मी काय गमावीन, आणि खरा असेल तर काय गमावीन, एवढे दोन आकडे मांडा. कपाट हलवायला दोन माणसे आणि अर्धा तास लागला असता. आणि सांगणारा तुम्हाला जितका नावडता, जितका लहान, तितके ते आकडे सावकाश मांडा. कारण तिथेच चुकण्याची शक्यता सर्वांत अधिक. घरातली आजी विहिरीची कड खचते म्हणते, शेतावरचा सालदार बांध फुटेल म्हणतो, वर्गातली एखादी अबोल मुलगी मैत्रिणीविषयी काही सांगू पाहते. तिला बोलू द्या. शक्य तर सहदेवाची कथा आठवून तिला आधी विचारा.

गुरुजींची एक सवय आज उमगते. प्रश्न विचारला की ते नेहमी मागच्या रांगेपासून सुरुवात करत. पुढच्या रांगेतली आम्ही हुशार मुले हात वर करून ताटकळत असू आणि चिडत असू. "तुमचे उत्तर मला ठाऊक आहे," असे म्हणून ते आम्हाला खाली बसवत आणि मागे जात. रामाकोन्याच्या या शाळेत कॅसँड्रेचे नावही कोणी ऐकले नव्हते, त्या काळात एक शिक्षक रोज तिचा शाप थोडा थोडा उतरवत होता.

गृहपाठ उशिरा झाला, गुरुजी. चुका असतील त्या आपले आजचे विद्यार्थी दाखवतील. मी मागच्या रांगेपासून ऐकायला सुरुवात करीन.